मुलाने टॅरँटुला पाळायचा हट्ट धरला, तर…

इंदूरच्या सुदामा नगरात एका गल्लीत चार मराठी घरे सहज सापडतात. या घरांतले पाळीव प्राणी ठरलेले असायचे. कुत्रा, मांजर, माशांची टाकी आणि कायद्याने गुन्हा असूनही एखाद्या ओसरीवर टांगलेला पोपटाचा पिंजरा. आता आठवी-नववीतली मुले मोबाइलवर तळहाताएवढा केसाळ कोळी पाहतात आणि म्हणतात, ''मला हा हवाय. कुत्र्यासारखा फिरवावा लागत नाही, आवाज करत नाही, आठवड्यातून एकदा खायला घातले की झाले.''

पालक मग गोंधळतात. काही जण घाबरून मुलाला रागावतात. काही जण ''बिचारा अभ्यास करतोय, घेऊ दे'' म्हणून पैसे देऊन मोकळे होतात. दोन्ही गटांचे प्रश्न मात्र सारखेच असतात. हा कोळी विषारी असतो का? पाळणे कायदेशीर आहे का? मुलाच्या नावावर घेता येतो का? आणि त्याने आधीच गुपचूप आणून ठेवला असेल, तर काय करायचे? या प्रश्नांची उत्तरे एकेक करून पाहू.

थोडक्यात उत्तर

अठरा वर्षांखालील मुलाला स्वतःच्या जबाबदारीवर टॅरँटुला पाळू देऊ नका. याची कारणे तीन आहेत.

- व्यवहार : कायद्याच्या दृष्टीने अल्पवयीन मुलगा खरेदीचा करार करूच शकत नाही. काही बिघडले, तर जबाब तुम्हालाच द्यावा लागतो.
- धोका : चावा किंवा डोळ्यात गेलेले केस यांतून होणारा त्रास लहान वयात सोसणे अवघड असते. त्यावर प्रतिविषाचे इंजेक्शनही नाही.
- आयुष्य : टॅरँटुलाची मादी सहज पंधरा-वीस वर्षे जगू शकते. आज तेरा वर्षांचा असलेला तुमचा मुलगा तोवर नोकरीला लागून पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेला असेल.

घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला स्वतःलाच या प्राण्याची आवड असेल, त्याच्या नावावर सर्व कागदपत्रे असतील आणि मूल केवळ पाहणारे असेल, तर त्या वेगळ्या परिस्थितीचा विचार पुढे केला आहे.

आधी ओळखा : कोळी कोणता?

जवळपास सर्व कोळ्यांना विष असते. तुमच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात बसलेल्या कोळ्यालाही ते असते. म्हणून ''विषारी आहे का?'' एवढेच विचारून भागत नाही. विष किती तीव्र आहे आणि विषाखेरीज दुसरे कोणते हत्यार त्याच्याकडे आहे, हे विचारा. बाजारात दिसणाऱ्या टॅरँटुलांचे ढोबळमानाने दोन गट आहेत.

- अमेरिका खंडांतले : मेक्सिकन रेडनी, चिलियन रोज वगैरे. यांचे विष सौम्य असते, म्हणून दुकानदार त्यांना ''नवशिक्यांसाठी'' म्हणून खपवतात. पण यांच्या पोटावर बारीक काटेरी केस असतात. घाबरला की कोळी मागच्या पायांनी ते उडवतो. त्वचेवर पडले तर खाज सुटते, डोळ्यात गेले तर बुबुळात रुततात. 2010 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या लीड्स शहरातला असा एक रुग्ण नोंदवला गेला. काचेची पेटी साफ करताना त्याच्या चिलियन रोजने केस उडवले आणि तीन आठवडे लालच राहिलेला डोळा घेऊन तो डॉक्टरांकडे आला. तो 29 वर्षांचा होता, मूल नव्हता.
- आशिया आणि आफ्रिकेतले : यांच्याकडे असे केस नसतात. त्यामुळे ते वेगाने पळतात किंवा थेट चावतात आणि विष अधिक तीव्र असते. भारत आणि श्रीलंकेतच सापडणारा पोसिलोथेरिया हा झाडांवर राहणाऱ्या कोळ्यांचा गट यातलाच. त्यांच्या चाव्याने तीव्र वेदना होतात, स्नायूंना गोळे येतात आणि हे गोळे काही रुग्णांत कित्येक दिवस पुन्हा पुन्हा येत राहतात.

व्हिडिओंत सर्वांत जास्त मिरवणारा निळाशार टॅरँटुला याच दुसऱ्या गटातला. आंध्र प्रदेशातल्या गुत्ती येथे सापडलेल्या नमुन्यावरून 1899 मध्ये त्याचे वर्णन झाले. त्याचे जंगल इतके आक्रसले आहे की आज तो अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. मुलगा ज्याला ''फॉरेनचा'' समजतो, तो आपल्याच देशातला, संपत चाललेला जीव आहे. हे त्याला जरूर सांगा.

टॅरँटुलाच्या विषाने माणूस दगावल्याची खात्रीलायक वैद्यकीय नोंद नाही. म्हणून मुलाला मरणाची भीती घालू नका, ते खोटे ठरेल आणि तुमच्या पुढच्या शब्दावरचा त्याचा विश्वास उडेल. पण ''जीव जात नाही'' म्हणजे ''निरुपद्रवी आहे'' असेही नव्हे.

कायदा काय सांगतो?

1. वय : भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 11 नुसार अल्पवयीन व्यक्ती करारास पात्र नाही. मुलाने पॉकेटमनीतून किंवा तुमच्या खात्यावरून परस्पर केलेली खरेदी मुळातच कच्ची असते.
2. नोंदणी : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराचे नियंत्रण असलेल्या प्राण्यांसाठी त्यात अनुसूची चार आली. अशा जिवंत प्राण्याची नोंद मुख्य वन्यजीव वॉर्डनकडे करावी लागते. 2024 च्या नियमांनुसार हे काम 'परिवेश' संकेतस्थळावरून होते आणि प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. मेक्सिकन रेडनीचा ब्रॅकिपेल्मा गट पूर्वीपासून आणि पोसिलोथेरिया 2019 पासून 'साइट्स'च्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत.
3. जंगलातून उचलणे : अभयारण्यातून कोणताही वन्यजीव बाहेर काढणे गुन्हा आहे. रालामंडल अभयारण्याच्या सहलीत दगडाखाली सापडलेला कोळी डब्यात घालून आणणेही त्यात येते.
4. परदेशातून मागवणे : जिवंत प्राण्यांच्या आयातीला परवानगी आणि विलगीकरण तपासणी लागते. जुलै 2021 मध्ये चेन्नईच्या टपाल सीमाशुल्क अधिकाऱ्यांना पोलंडहून आलेल्या एका पार्सलमध्ये चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या 107 कुप्या मिळाल्या. प्रत्येकीत एक जिवंत कोळी होता. पार्सल पोलंडला परत पाठवण्याचे ठरले. ''कुरिअरने येते की'' असे सांगणाऱ्या विक्रेत्याचे पार्सल हे असे असते.
5. क्रूरता : प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 मध्ये 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही जिवंत जीव. म्हणजे कोळीही. ब्रिटनचा 2006 चा प्राणी कल्याण कायदा केवळ कणा असलेल्या प्राण्यांना लागू होतो, आपला कायदा कोळ्यालाही कवेत घेतो.
6. निष्काळजीपणा : पाळलेल्या प्राण्यामुळे माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होणार नाही, याची पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मुलाच्या वयानुसार काय ठरवावे?

- दहा वर्षांखाली : पेटी घरात नकोच. या वयात झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरत नाही आणि डोळे चोळण्याची सवय असते.
- अकरा ते चौदा : पाळणे नाही, निरीक्षण भरपूर. कुतूहल जिवंत ठेवायचे हेच वय आहे.
- पंधरा ते सतरा : मुलगा किंवा मुलगी सलग वर्षभर एखादा साधा प्राणी, निदान माशांची टाकी, न सांगता सांभाळत असेल, तर घरातल्या मोठ्या माणसाने स्वतःच्या नावावर पाळण्याचा विचार करता येईल. तरीही केवळ अमेरिकी गटातला, कागदपत्रे पूर्ण असलेला. पेटीचे कुलूप आणि किल्ली मोठ्याकडेच.
- अठरानंतर : निर्णय त्यांचा, जबाबदारीही त्यांची. अठराव्या वाढदिवसापर्यंत थांबायला सांगणे हा अन्याय नाही.

आशिया-आफ्रिकेच्या गटातले कोळी कोणत्याही वयाच्या मुलाच्या घरात नकोत, यावर तडजोड करू नका.

मोठ्या माणसाने घ्यायचाच असेल, तर आधी हे विचारा

1. कोळ्याचे शास्त्रीय नाव काय? ''ब्लू'', ''रेड'', ''बर्ड ईटर'' अशी बाजारी नावे चालणार नाहीत. नावाशिवाय तो अनुसूची चारच्या यादीत आहे की नाही, हे कळत नाही.
2. तो बंदिस्त पैदाशीतला आहे की जंगलातून पकडलेला? लेखी उत्तर मागा.
3. यादीतला असेल, तर विक्रेत्याच्या नावावरचे नोंदणी प्रमाणपत्र कुठे आहे?
4. दुकानाची 2018 च्या पाळीव प्राणी दुकान नियमांखालची नोंदणी आहे का?
5. पक्के बिल मिळेल का? नुसता मोबाइलवरचा संदेश म्हणजे बिल नव्हे.
6. नर की मादी? नर प्रौढ झाल्यावर थोड्याच काळात मरतो, मादी दोन दशके सोबत करते.
7. आपल्या घरात कोणाला दमा, तीव्र ॲलर्जी किंवा डोळ्यांचा आजार आहे का?
8. दिवाळीत गावी गेल्यावर पेटीकडे कोण पाहणार?

यातल्या एका जरी प्रश्नाला ''बघू, होऊन जाईल'' असे उत्तर आले, तरी व्यवहार तिथेच थांबवा.

नेहमी होणाऱ्या चुका

- हातावर घेणे : व्हिडिओतला मुलगा घेतो म्हणून घेऊ नका. टॅरँटुलाला माणसाचा लळा लागत नाही, तो केवळ सहन करतो. कमरेच्या उंचीवरून पडला, तरी त्याचे पोट फुटून तो मरू शकतो. हातावर घेण्यात तुमच्यापेक्षा त्याच्या जिवाला जास्त धोका आहे.
- कात टाकताना ढवळणे : कात टाकताना कोळी उताणा पडतो. ''मेला'' समजून मुले त्याला टोचतात किंवा फेकून देतात. त्या काळात आणि नंतर अंग कडक होईपर्यंत त्याला हात लावू नये, खाद्यही टाकू नये. पेटीत सोडलेले नाकतोडे कोवळ्या अंगाच्या कोळ्यालाच कुरतडतात.
- उन्हाळा विसरणे : मे महिन्यात इंदूरचा पारा चाळीसच्या पुढे जातो. गच्चीखालच्या खोलीत बंद काचपेटी म्हणजे भट्टी. वीज गेली आणि घरात कोणी नसले, तर काय?
- सैल झाकण : टॅरँटुला काचेवर चढतो आणि झाकण ढकलतो. वर पुस्तक ठेवणे म्हणजे कुलूप नव्हे.
- शाळेत नेणे : मित्रांना दाखवायला डबीतून नेलेला कोळी म्हणजे वर्गातल्या सगळ्या मुलांना धोका. त्याची जबाबदारी पुन्हा तुमच्यावरच.
- शेजाऱ्यांपासून लपवणे : पेटीतून निसटलेला कोळी भिंत ओलांडून पलीकडच्या पाळण्यापाशी जाऊ शकतो. त्यांना आधी माहीत असले, तर शोधायला मदत मिळते.

चावला किंवा डोळ्यात केस गेले तर

चाव्यासाठी :

1. मुलाला शांत बसवा. जागा साबण आणि पाण्याने धुवा.
2. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावा. हात-पाय हलवू देऊ नका.
3. ब्लेडने चीर देऊ नका, तोंडाने चोखू नका, वर घट्ट दोरी बांधू नका. झाडफुंकीत वेळ घालवू नका.
4. कोळ्याचा फोटो आणि शास्त्रीय नाव सोबत ठेवा.
5. गोळे येणे, छातीत दुखणे, श्वास अडकणे, उलट्या किंवा अंगावर सूज दिसली, तर लगेच 108 ला फोन करा किंवा एम. वाय. रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. लक्षणे सौम्य असली, तरी मुलाला डॉक्टरांना दाखवाच. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारा.

सापाच्या विषावरचे इंजेक्शन कोळ्याच्या विषावर चालत नाही. उपचार वेदना आणि गोळे कमी करण्याचाच असतो. दिल्लीच्या 'एम्स'मधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा मोफत क्रमांक 1800 116 117 आहे. तो तुम्ही आणि डॉक्टर दोघेही वापरू शकता.

डोळ्यासाठी : डोळा चोळू देऊ नका. स्वच्छ पाण्याची धार धरून धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. ''टॅरँटुलाचे केस'' हे शब्द स्पष्ट सांगा, नाहीतर साधे डोळे येणे समजून थेंब दिले जातील. हे केस यंत्राखाली नीट पाहिल्याशिवाय दिसत नाहीत.

आधीच घरात आला असेल, तर?

मुलाच्या कपाटात पेटी सापडली की पहिला राग येतो. तो गिळा. मूल घाबरले, तर पुढच्या वेळी चावा लपवेल आणि ते अधिक वाईट.

1. पेटीला कुलूप लावा, किल्ली तुमच्याकडे घ्या. आत पाण्याची उथळ वाटी आहे का, पाहा.
2. मुलाकडून सर्व माहिती घ्या : कुठून, कोणाकडून, कधी, किती पैसे, कोणते नाव. विक्रेत्याचे संदेश खोडू नका.
3. प्रजाती नक्की करा. महूच्या पशुचिकित्सा महाविद्यालयातले किंवा होळकर विज्ञान महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातले जाणकार गाठा.
4. इंदूर वनमंडळ कार्यालयात लेखी माहिती द्या. अनुसूचीतला प्राणी असेल आणि नोंदणीची मुदत उलटून गेली असेल, तर आधी वकिलाचा सल्ला घ्या, पण लपवू नका.
5. बागेत किंवा बायपासच्या माळावर सोडू नका. परदेशी कोळी तिथे एकतर हाल होऊन मरेल किंवा इथल्या जीवांना त्रास देईल. मारूनही टाकू नका.
6. दुसऱ्या मुलाला ''असाच'' देऊ नका आणि कुरिअरने परत पाठवू नका.

तुमचे आणि इतरांचे हक्क

- विक्रेत्याकडे कागदपत्रे मागण्याचा आणि ती नसतील, तर व्यवहार नाकारण्याचा हक्क तुम्हाला आहे.
- तुमच्या अल्पवयीन मुलाशी परस्पर व्यवहार करणाऱ्या प्रौढाविरुद्ध तुम्ही तक्रार करू शकता. करार मुलावर बंधनकारक नाही.
- भाड्याच्या घरात राहत असाल, तर भाडेकरार वाचा आणि घरमालकाला आधी विचारा.
- शेजाऱ्याला धोका वाटत असेल, तर पोलिसांकडे किंवा वनविभागाकडे जाण्याचा हक्क त्याला आहे. त्याला भांडखोर ठरवू नका.

'नाही' म्हणताना हातात काय द्याल?

नुसते ''नाही'' ऐकलेले मूल मोबाइलकडे परत जाते. म्हणून त्याच्या हाती काहीतरी ठेवा.

- घरातले कोळी मोजायला लावा. गच्ची, जिना, मोटारसायकलचे शेड, तुळशीवृंदावन अशा जागा त्याला द्या. एका पावसाळ्यात दहा-बारा प्रकार सहज सापडतील. भिंतीवर उड्या मारणारा छोटा कोळी कोळ्यांच्या सर्वांत मोठ्या कुळातला आहे, त्या कुळात सहा हजारांहून अधिक प्रजाती आहेत.
- वही आणि भिंग द्या. तारीख, वेळ, जाळ्याचा आकार, भक्ष्य कोणते, हे टिपायला सांगा. हात न लावता.
- फोटो ओळखायला शिकवा. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर फोटो टाकला की जगभरातले अभ्यासक प्रजाती ओळखायला मदत करतात. अल्पवयीन मुलाचे खाते तुमच्या देखरेखीखाली असू द्या आणि घराचा नेमका पत्ता उघड होऊ देऊ नका.
- नवलख्याला घेऊन जा. कमला नेहरू प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांना प्रश्न विचारू द्या. प्राणी सांभाळणे म्हणजे रोजची साफसफाई आणि वेळापत्रक, हे पाहून कळते.
- मुदत ठरवा. ''अठरा पूर्ण झाल्यावर, नोंदणी स्वतः करून'' असा शब्द द्या आणि तो पाळा.

तुमच्या मुलाला कोळ्याची भीती वाटत नाही, ही चांगली गोष्ट आहे. बहुतेक घरांत कोळी दिसला की झाडू उचलला जातो. तुमच्या घरात एक मूल तरी थांबून पाहते. त्याचे ते थांबून पाहणे जपा. पण वीस वर्षे जगणारा, घाबरला तर चावणारा आणि कायद्याच्या कागदांनी बांधलेला जीव तेरा वर्षांच्या खांद्यावर टाकू नका. कोळी अठराव्या वर्षीही मिळेल, डोळा मात्र एकदा गेला की परत मिळत नाही.